संचालक पाहिजेत, शक्यतो बाई

प्रफुल्ल येलव्यांना संचालक व्हायचं आहे, ही गोष्ट घोडपदेवच्या त्या टॉवरमध्ये वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त कंपन्यांना.

सरकारी विमा कंपनीतून उपमहाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम रीतसर अंगावर घेतलं होतं. स्वतंत्र संचालकांची परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाले, सरकारी यादीत नाव नोंदवलं. मग एका हॉटेलात 'योग्य संचालक मंडळ कसे निवडावे' या विषयावरचा दोन दिवसांचा वर्ग केला. शिकवणारे गृहस्थ स्वतः इतक्या मंडळांवर होते की बोलताना मध्येच आपण आज कुठल्या कंपनीत आलोय हे आठवायला थांबत. जेवण उत्तम होतं. तेव्हापासून प्रफुल्ल निवड करायला सज्ज होते. आधी आपल्याला कुणीतरी निवडावं लागतं, हा भाग त्या दोन दिवसांत घ्यायचा राहून गेला असावा.

दोन वर्षं झाली. कार्डं छापून झाली होती. 'इंडिपेंडंट डायरेक्टर' असं त्यावर सोनेरी अक्षरांत होतं. "कुठल्या कंपनीचे?" असं बायकोने, नम्रताने, एकदाच विचारलं. त्यानंतर ते पाकीट कपाटात गेलं आणि घरात तो विषय निघेनासा झाला.

मग गुरुवारी सकाळी फोन आला. पलीकडचा माणूस गोड पुणेरी मराठीत म्हणाला, "नमस्कार सर, मी यशोधन. आम्ही कंपन्यांना संचालक शोधून देतो. शुभांकुर केमिकल्सच्या बोर्डासाठी बोलायचं होतं."

प्रफुल्ल खुर्चीतून उठून उभे राहिले. असे फोन बसून घ्यायचे नसतात.

"बोला."

"संघमित्रा येलवे मॅडम आपल्या कोण?"

"धाकटी बहीण."

"वा! त्यांचा नंबर मिळेल का सर? त्या लिंक्डइनवर कुठेच नाहीत हो."

नाहीत म्हणजे काय, संघमित्राने त्याचं नावही ऐकलं नसावं. कारखान्यांच्या सुरक्षेच्या सरकारी खात्यात तिची सगळी नोकरी गेली. रायगडापासून ठाण्यापर्यंतच्या मालकांना बॉयलरपुढे घाम फोडून ती सहसंचालक म्हणून निवृत्त झाली आणि आता शीवच्या आपल्या फ्लॅटमध्ये झाडं लावत होती. लग्न केलं नव्हतं. परीक्षा दिली नव्हती. वर्ग तर नाहीच. प्रफुल्लनी नंबर दिला, तोही अंक नीट सुटे सुटे करून. त्या वेळी आपला आवाज किती मोठ्या मनाचा लागला, याचं त्यांना पुढे दोन दिवस कौतुक वाटत राहिलं.

रविवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. निर्णय कुटुंबाने घ्यायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. संघमित्राचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं.

सुकं मटण, वडे आणि सोलकढी अशा बेतात प्रफुल्लनी वर्गातलं ज्ञान पुन्हा एकदा वाढलं. "हे बघ, मंडळ निवडताना पहिलं काय बघायचं? आपल्या आधी कोण सोडून गेलं आणि का गेलं. ऑडिटर बदलला का? मालकाचे किती नातेवाईक आत बसलेत? आणि आपण नाही म्हटलं तर ते नाही राहतं का?"

"पप्पा, तिला घेतायत ते महत्त्वाचं," मुलगा विकास म्हणाला. त्याचा भिवंडीला प्लास्टिकच्या ड्रमचा कारखाना होता. "आत्या, तू फक्त हो म्हण. एवढं मोठं नाव आहे शुभांकुर. मीच तर यशोधनला तुझं नाव सुचवलं. नंबर मुद्दाम पप्पांकडून मागायला लावला, म्हणजे मध्ये माझं नाव नको."

सगळे जेवायचे थांबले. विकासची बायको दीपिका ताटाकडे बघत राहिली, यावरून तिला हे आधीच माहीत होतं एवढं कळलं.

"तू?" संघमित्रा म्हणाली. "तुझा काय संबंध?"

"माझे ड्रम जातात ना तिथे. त्यांना जेवढे ड्रम लागतात त्यातले निम्म्याहून जास्त माझेच. त्यांची लेडी डायरेक्टर सोडून गेली, त्यांना मुदतीच्या आत दुसरी बाई पाहिजे. कायदाच आहे तसा. मी म्हटलं, माझी आत्या आहे, सेफ्टीतली आहे, रिटायर आहे. एकदम फिट."

आपल्यालाही एक नाव सुचवता आलं असतं, असं प्रफुल्लच्या मनात आलं. याच घरात, याच टेबलावर रोज सकाळी एक योग्य उमेदवार पेपर वाचत बसतो.

"अरे पण हा भाचा माल पुरवतो, ती तिथे स्वतंत्र कशी?" नम्रताने विचारलं.

"भाचा चालतो, मम्मी. मी विचारून घेतलंय. स्वतःचा मुलगा असता तर चाललं नसतं." विकासने हे इतक्या समाधानाने सांगितलं, की आत्याने लग्न न करण्यामागे हीच दूरदृष्टी होती असं वाटावं.

टेबलाच्या टोकाला कौसल्याबाई, म्हणजे आई, मऊ करून दिलेला वडा चघळत होत्या. "बोर्डावर घेतायत म्हंजे? पाटीवर नाव लावणार तिचं?"

"पाटीवर नाही गं आई, मंडळावर. मालकांच्या बरोबरीने बसायचं टेबलाला."

"कुठं?"

प्रफुल्लनी पत्ता सांगितला आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण आईला आजवर सांगितलंच नव्हतं. शुभांकुरचं मुख्य कार्यालय परळच्या त्या काचेच्या इमारतीत होतं. वडिलांची, भिवा येलव्यांची, मिल होती त्याच जागेवर ती इमारत उभी होती. भिवाने आयुष्यभर तिथे कताई खात्यात काम केलं. विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे त्यांच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि भिवाच्या तोंडाचा धागा दुसऱ्यांच्या तोंडाला चालत नसे. भिवा हे कधी चिडून सांगत नसे. हवामान सांगावं तसं सांगत असे. प्रफुल्लना संचालक का व्हायचं होतं याची त्यांनी चारचौघांत बरीच कारणं दिली होती, अनुभवाचा उपयोग, समाजाचं ऋण वगैरे. खरं कारण त्या जागेत होतं आणि ते त्यांनी कार्डावर छापलं नव्हतं.

"त्यांच्या मिलीत," आई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. नातवाला वाटलं झोप लागली.

संघमित्रा पाणी प्याली. "दादा, तू मघाशी म्हणालास ना, आपल्या आधी कोण गेलं ते बघावं? मी बघितलं. एकाच महिन्यात दोघं गेले. एक गृहस्थ आणि विकास म्हणतो ती लेडी डायरेक्टर, मीनाक्षीबाई. दोघांनीही 'वैयक्तिक कारणं' लिहिलंय. मी मीनाक्षीबाईंना फोन केला."

"त्यांचा नंबर कुठून मिळाला?" विकास दचकलाच.

"मी तीस वर्षं इन्स्पेक्टर होते रे. नंबर मिळतो." ती शांतपणे सांगू लागली. शुभांकुरच्या कारखान्यात मागच्या पावसाळ्यात एक टाकी फुटली आणि दोन कामगार गेले. त्या टाकीचा व्हॉल्व्ह बदला, असं मीनाक्षीबाईंनी आदल्या बैठकीत बजावून सांगितलं होतं. अपघातानंतर त्या बैठकीची मिनिट्स, म्हणजे लेखी नोंद, हातात आली तेव्हा त्यात होतं, की सर्व संचालकांनी एकमताने दुरुस्ती पुढे ढकलायला मान्यता दिली. ही नोंद दुरुस्त करा म्हटल्यावर पुढच्या बैठकीत बघू असं उत्तर आलं. त्या पुढच्या बैठकीला मीनाक्षीबाई गेल्याच नाहीत.

"मग खरं कारण का नाही लिहिलं?" प्रफुल्लनी विचारलं.

"त्यांना आणखी दोन मंडळांवरच्या जागा टिकवायच्या होत्या. तेही त्यांनीच सांगितलं. बाई प्रामाणिक आहे. फोनवर."

विकासने वडा ताटात ठेवला. "आत्या, ॲक्सिडेंट सगळीकडे होतात. तू आत गेलीस तर सुधारशील ना? उलट तुझ्यासारखीच पाहिजे. आणि प्लीज, यशोधन पाच वाजता येतोय, त्याच्यापुढे हे काढू नकोस. माझं सगळं काम त्यांच्यावर आहे."

"म्हणजे मी सुधारायला जायचं, पण विचारायचं नाही."

"हळूहळू विचार."

यशोधन पाचला पाच मिनिटं कमी असताना आला. बरोबर मिठाईचा डबा होता, डब्याला रिबीन होती. आईच्या पाया पडला, नम्रताच्या पडद्यांचं कौतुक केलं आणि संघमित्रासमोर बसून म्हणाला, "मॅडम, आपल्यासारख्या व्यक्तीमुळे बोर्डाला एक उंची येते."

"मला कारखाना बघायचाय," संघमित्रा म्हणाली. "आधी न कळवता."

"नक्कीच! एकदा आपली नेमणूक झाली की आम्ही व्हिजिट अरेंज करतोच. आधी कळवून, म्हणजे हेल्मेट वगैरे आपल्या मापाचं ठेवता येतं. फोटोग्राफर असतो."

"आणि मी बैठकीत एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, तर मिनिट्समध्ये नाहीच येईल ना?"

यशोधनने कप बशीत ठेवला. त्याचं हसू मात्र होतं तिथेच राहिलं. "मॅडम, शुभांकुरच्या बोर्डात कल्चर फार छान आहे. नाही म्हणायची वेळच येत नाही."

"मग मला तिथे काम नाही," संघमित्रा म्हणाली. "माझा नकार कळवा. आणि कारण लिहून पाहिजे असेल तर तेही देईन. वैयक्तिक नाहीये."

विकासने डोळे मिटले. नम्रता उगाचच चिवड्याची बशी पुढे सरकवू लागली. आणि तेवढ्यात प्रफुल्लना आपलाच आवाज ऐकू आला.

"दुसरीही एक जागा रिकामी आहे ना?"

आपण हे बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. आधी कोण गेलं आणि का गेलं, हे आत्ताच जेवताना ऐकलं होतं. सोलकढीची चवही अजून तोंडात होती. तरी जीभ सुटली होती आणि ती मागे घ्यावीशी वाटत नव्हती.

"अरे वा! सर, आपणही इंटरेस्टेड आहात?" यशोधन सोफ्यावरच्या सोफ्यावर वळून बसला.

"परीक्षा दिलेली आहे. यादीत नाव आहे. बैठका परळलाच होतात ना? त्याच इमारतीत?"

संघमित्राने भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"पप्पा, नाही चालणार!" विकास उभाच राहिला. दुपारपर्यंत ज्याला कंपनी कायदा म्हणजे बाई मिळवण्याची मुदत एवढाच माहीत होता, त्याच्या अंगात एकदम कायदा संचारला. "सख्खा मुलगा एवढा माल पुरवत असेल तर बाप स्वतंत्र राहत नाही. कॉन्फ्लिक्ट येतो. तुम्हीच सांगता ना नेहमी? तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"तत्त्व दुपारी कुठे होतं?" नम्रताने विचारलं.

"दुपारी आत्या होती, मम्मी!"

"त्याचं काही टेन्शन नाही," यशोधन समजुतीने म्हणाला. "विकास, तुमचा तो पार्टनर आहे ना, शिवा? ड्रम त्याच्या नावाने येऊ देत. कागदावर सगळं स्वच्छ राहतं. मी जरा चेअरमनसाहेबांना विचारून घेतो," असं म्हणून तो फोन घेऊन गॅलरीत गेला.

काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते. प्रफुल्ल तिकडे बघत होते. आत विकास बायकोशी हलक्या आवाजात भांडत होता आणि प्रफुल्लना त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. आपण भायखळ्याच्या पुढे पूल ओलांडून परळला गाडीने जातोय, गेटवरचा माणूस सलाम करतोय, लिफ्ट वर जातेय. टेबलाशी आपल्या नावाची छोटी पाटी आहे, आई म्हणते तशी. कोण सोडून गेलं, काय फुटलं, कोण मेलं, हे सगळं त्या चित्रात कुठेच नव्हतं.

यशोधन परत आला. "साहेब म्हणतात, सरांचं प्रोफाइल स्ट्राँग आहे. पण आधी लेडी हवी. खरं सांगायचं तर दोन्ही जागांवर लेडीज मिळाल्या तर वार्षिक अहवालात फार छान दिसेल." आणि त्याची नजर खोलीभर फिरू लागली, घाऊक बाजारात शेवटच्या पाट्या बघणाऱ्या माणसासारखी. "मॅडम, आपण काय करता?"

"मुख्याध्यापिका होते," नम्रता म्हणाली. "मला दुसऱ्यांना गप्प बसवता येतं. स्वतःला बसता येत नाही."

नजर क्षणभर कौसल्याबाईंवरही थांबली, हे प्रफुल्लनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वय आड आलं म्हणून, नाहीतर त्यांचीही नेमणूक झाली असती. मग ती दीपिकापाशी आली.

"आणि आपण?"

"एचआरमध्ये आहे."

"एमबीए?"

"हो."

"उत्तम!" यशोधनने खिशातून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं.

प्रफुल्लनी त्या कार्डाकडे पाहिलं. दोन वर्षं ज्या खुर्चीसाठी झुरलो, त्या खुर्चीत कोण बसतं याचं त्या लोकांना काहीच नव्हतं. बहीण चालत होती, बायको चालत होती, सून चालत होती. बसणाऱ्याने तोंड उघडू नये, एवढीच पात्रता होती. तोंडाची अट तर भिवालाही होती.

ते उठले. "यशोधन, चहा झाला असेल तर लिफ्ट चालू आहे."

"सर?"

"हा डबाही न्या. आईला साखर चालत नाही."

"पप्पा, काय करताय!" विकास त्याच्यामागे चपला शोधत धावला. दीपिका उठली, टेबलावरचं कार्ड उचललं आणि तीही गेली. दार लागताना विकासचा आवाज आला, "माझ्या धंद्याचं वाटोळं केलं दोघा भावंडांनी मिळून."

नम्रता आईला आत घेऊन गेली. भाऊ-बहीण समोरासमोर राहिले.

"मी हो म्हणणार होतो," प्रफुल्ल म्हणाले.

"कळलं ते. बैठका कुठे होतात विचारलंस तेव्हाच."

"सगळं ऐकूनसुद्धा, मित्रा. ती दोन माणसं मेली ते ऐकूनसुद्धा."

"मी तरी शुक्रवारीच नाही म्हणायला हवं होतं ना?" तिने चष्मा काढून पदराला पुसला. "मीनाक्षीबाईंना फोन मी तेव्हाच केला होता. तरी रविवारपर्यंत थांबले. एकदा त्या इमारतीत वर जाऊन खाली बघावंसं मलाही वाटत होतं, दादा."

पुढे तीन आठवडे विकासचा फोन आला नाही. चौथ्या आठवड्यात कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, दीपिकाच्या फोटोसकट. शुभांकुर केमिकल्सच्या संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक म्हणून तिची नेमणूक झाली होती. खाली हात जोडलेले, फुगे आणि बिगुल. रत्नागिरीच्या चुलत्यांनी अभिनंदन केलं. नम्रताने अंगठा टाकला आणि दोन मिनिटांनी काढून घेतला. संघमित्राने काहीच टाकलं नाही. प्रफुल्लनी फोन पालथा ठेवला. ड्रम शिवाच्या नावावर गेले असणार, हे त्यांना विचारावंही लागलं नाही. परीक्षा न देता, वर्ग न करता आता सूनही. त्या कंपनीत जायला या घरातून फक्त त्यांनाच दार बंद होतं. ज्या खुर्चीसाठी आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःच घराबाहेर काढलं होतं, त्या खुर्चीत बसणाऱ्या सुनेचा आता हेवा वाटावा, याची त्यांना इतकी लाज वाटली की सकाळचा पेपर तसाच राहिला.

त्याच आठवड्यात, शनिवारी, दीपिका एकटी आली. सासूला नमस्कार केला, आजेसासूच्या पायाला हात लावला आणि सरळ प्रफुल्लच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली.

"रागावलात?"

"मी कोण रागावणारा? अभिनंदन."

"पप्पा, मी मीनाक्षीबाईंना भेटून आले. आत्यांनीच नंबर दिला."

प्रफुल्लनी मान वर केली. "संघमित्राला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. त्या म्हणाल्या, जाऊ नकोस. मग म्हणाल्या, जायचंच असेल तर नीट जा." दीपिका घाईघाईत बोलत होती, बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं तसं. "आत्या गेल्या असत्या तर त्यांचं नाव खराब झालं असतं. त्यांना नाव आहे. मला नावच नाही. त्यांना वाटतं, ही पोरगी सही करेल आणि समोसा खाईल. पहिल्याच बैठकीत मी त्या जुन्या मिनिट्सचा विषय काढणार आहे. आणि ती दोन माणसं गेली, त्यांच्या घरच्यांचं काय झालं तेही विचारणार. फार तर काढतील."

"असं काढता येत नाही," प्रफुल्ल पटकन म्हणाले. "भागधारकांपुढे जावं लागतं. तुझं म्हणणं मांडायचा तुला हक्क असतो."

"तेच! हेच मला येत नाही. विषय कार्यक्रमपत्रिकेवर कसा घ्यायला लावायचा, माझा विरोध नोंदवून कसा घ्यायचा. तुम्हाला सगळं पाठ आहे. शिकवाल?"

प्रफुल्लनी घसा खाकरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांना हे विचारत होतं. ऐकणाऱ्याने त्यासाठी हॉटेलात जेवण मागितलं नव्हतं.

"शिकवेन. पण आधी एक सांग. शिवाच्या नावावर तुमचेच ड्रम जात असतील, तर तू पहिलं वाक्य बोलायच्या आधीच ते तुला गप्प करतील. त्यांनी त्यासाठीच तुला घेतलंय."

"माहीत आहे. म्हणून मी परवा संचालक म्हणून शुभांकुरला लेखी कळवलं. ड्रम बंद. शिवाच्या नावाने नाही, कुणाच्याच नावाने नाही."

"विकास काय म्हणाला?"

दीपिकाने ओढणी सारखी केली. "त्याला अजून सांगितलेलं नाही."

प्रफुल्ल उठले. त्यांनी दार अर्धवट उघडलं आणि आतल्या दिशेने हाक मारली, "नम्रता, दोन चहा टाक. आणि विकासचा फोन आला तर मी झोपलोय म्हणून सांग."